फुकटची उमेदवारी, पगारी इंटर्नशिप आणि आपल्या जिल्ह्यातली पोरं

पोस्ट मोठी आहे. घरात कॉलेजला जाणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर निवांत बसून वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांना पाठवा.

मागच्या महिन्यात माझी भाची घरी आली होती. कळंब तालुक्यातलं गाव, दाजींची पाच एकर जमीन, त्यात सोयाबीन. सप्टेंबर २०२५ च्या पावसाने आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचं काय झालं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाची एम.एस्सी. करते, मायक्रोबायोलॉजी. नवीन शैक्षणिक धोरणात पदव्युत्तरच्या पोरांना 'ओजेटी' सक्तीचं झालंय. म्हणजे कुठल्या तरी कंपनीत, दवाखान्यात, लॅबमध्ये प्रत्यक्ष काम करायचं, त्याचे चार क्रेडिट मिळतात.

तिने मोबाईलवर दोन मेल दाखवले. पहिला पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालय समूहाच्या लॅबचा. या, शिका, प्रमाणपत्र देऊ, मानधन नाही, राहण्याची सोय स्वतः करावी. दुसरा औषधनिर्मितीतल्या एका बड्या कंपनीचा. सहा महिन्यांची इंटर्नशिप, महिन्याला १२ हजार, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. पण तिथे मुलाखत होती आणि निकाल यायचा होता.

ती म्हणाली, "मामा, पहिलीकडे गेले तर कॉट, मेस, बस धरून महिना-दीड महिन्यात बारा-चौदा हजार जाणार. काम त्यांचं करायचं आणि पैसे आपण भरायचे. ही पद्धत काढली कुणी?"

मी पत्रकार माणूस. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारत आलो. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. मग शोधत गेलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

*उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला*

आपण निवडणुकीत रोज वापरतो तो 'उमेदवार' हा शब्द फारसी आहे. उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. इंग्रजांच्या काळात मामलेदार कचेरीत, कलेक्टर कचेरीत असे कितीतरी उमेदवार असायचे. कारकुनाच्या हाताखाली बसायचं, कागद उतरवून काढायचे, दप्तर बांधायचं, मोडी वळवायची. पगार नाही. कधीतरी जागा रिकामी होईल आणि साहेबाची नजर आपल्यावर पडेल एवढीच आशा. 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार तिथून आपल्या भाषेत घट्ट बसला.

आता विचार करा, बिनपगारी वर्ष-दोन वर्षं कचेरीत कोण बसू शकत होतं? ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे, ज्याचा चुलता आधीच कचेरीत आहे, तोच. कुणब्याचं, महारा-मांगाचं पोर लिहायला-वाचायला शिकलं तरी दोन वर्षं फुकट बसणार कसं? कचेऱ्या ठरावीक घरांच्या हातात राहिल्या याची कारणं अनेक आहेत. जात आहे, शिक्षण आहे. पण बिनपगारी उमेदवारी हेही त्यातलं एक कारण आहे आणि त्याच्याकडे आपण फारसं बघत नाही.

विलायतेत तर याहून वेगळं होतं. तिथे शिकणाऱ्यानेच उस्तादाला पैसे मोजायचे. १८१५ च्या इंग्लंडमधल्या कायद्याने औषधं देणाऱ्याला, म्हणजे अपोथेकरीला, परवान्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली. बाप मुलाला सर्जनच्या घरी ठेवायचा आणि वर रक्कम भरायचा. पुढे कवी म्हणून जगाला माहीत झालेला जॉन कीट्स तरुणपणी असाच एका सर्जनकडे उमेदवारीला होता.

आपल्याकडे १८५० साली पहिला अ‍ॅप्रेंटिस कायदा आला. तो कुणासाठी होता माहितीये? अनाथ आणि गरीब लेकरांसाठी. दहा वर्षांवरच्या पोराला करार करून कारागिराकडे बांधून द्यायचं, जास्तीत जास्त सात वर्षं. शिकायला मिळेल, पोट भरेल, असा हेतू. तो कायदा नावापुरता का होईना, शंभर वर्षांहून जास्त टिकला.

*विद्यावेतन पहिल्यांदा कधी मिळालं?*

इथे मला स्वतःला धक्का बसला. आपल्याला वाटतं पूर्वी सगळं फुकट होतं आणि हल्ली कुठे पैसे मिळायला लागले. आरोग्याच्या क्षेत्रात उलटं घडलंय. कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ साली सुरू झालं तेव्हा सरकारने विद्यार्थ्यांना महिन्याला ७ रुपये विद्यावेतन द्यायचं ठरवलं, ते वाढत १२ रुपयांपर्यंत जाणार होतं. शिकायला पैसे भरायचे नाहीत, उलट सरकारच देणार.

का दिलं? दयेपोटी नाही. सरकारला पलटणीसाठी आणि दवाखान्यांसाठी देशी डॉक्टर हवे होते आणि कुणी यायला तयार नव्हतं. प्रेताला हात लावायचा म्हणजे जात बुडाली असं लोक समजत. मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये तिथे शवविच्छेदन केलं तेव्हा ती केवढी मोठी घटना ठरली. अशा कामाला पोरं आणायची तर पैसे मोजावे लागणार होते.

नंतर मुंबईत १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज आलं. त्याच्या १८५१ च्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पुण्यात १८७८ ला बी. जे. मेडिकल स्कूल आलं, त्याचं कॉलेज झालं १९४६ मध्ये. जसजशी डॉक्टरकीला इज्जत आली, पैसा आला, तसतशी रांग लागली. रांग लागली की विद्यावेतन मागे पडतं आणि फी पुढे येते. हा नियम लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे: माणसं कमी असतील तर शिकणाऱ्याला पैसे मिळतात, माणसं जास्त झाली की शिकणाऱ्याकडून घेतले जातात. मधे कायदा किंवा संघटना उभी राहिली तरच हे बदलतं.

*आपला जिल्हा या गोष्टीत कुठे होता?*

आपण तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतो, निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादला १८४६ मध्ये मेडिकल स्कूल निघालं. शिकवणं उर्दूत. पुढे १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ आलं, तेही उर्दू माध्यमाचं. धाराशिव-तुळजापूर-परंड्याच्या पोराला डॉक्टर व्हायचं तर घरची भाषा मराठी, शाळेची उर्दू आणि कॉलेज शेकडो किलोमीटर लांब. उमेदवारी फुकट की पगारी हा प्रश्न येण्याआधीच बहुतेकांची गाडी चुकलेली असायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला १९५६ मध्ये आलं. अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. शेजारी सोलापूरला १९६३ मध्ये. आणि धाराशिवला? २०२२ मध्ये, १०० जागांचं. म्हणजे मुक्तीनंतर ७४ वर्षांनी. मधल्या काळात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला, लोहारा-उमरगा भागात गावंच्या गावं गाडली गेली. त्या पहाटे जखमींना घेऊन लोकांची वाहनं सोलापूर-लातूरच्या दिशेने का पळत होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

पण एक गोष्ट आपल्या भागाने देशाला दाखवली. शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या, कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' तयार केल्या. गावातली बाई शिकू शकते, फक्त तिच्या दारात शिक्षण यायला हवं, हे या लोकांनी करून दाखवलं.

सरकारनेही १९७७ मध्ये गावपातळीवर आरोग्यसेवक नेमायची योजना आणली. त्यातला हिशेब ऐका. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या काळात महिन्याला २०० रुपये विद्यावेतन. प्रशिक्षण संपवून प्रत्यक्ष काम सुरू केलं की मानधन महिन्याला ५० रुपये. शिकताना दोनशे, राबताना पन्नास! काम 'सेवा' ठरलं की पैसा आटतो. आज आशाताई मोर्चा काढतात तेव्हा हा पन्नास रुपयांचा इतिहास आठवा.

*१९६१ चा कायदा आणि त्यातली फट*

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. मुंबईत सिप्ला १९३५ पासून होतीच. पुण्यात १९६६ ला सीरम इन्स्टिट्यूट आली. या सगळ्यांना शिकलेले हात हवे होते.

१९६१ मध्ये संसदेने नवा शिकाऊ उमेदवार कायदा केला, १ मार्च १९६२ पासून तो लागू झाला आणि १८५० चा जुना कायदा गेला. या कायद्याची सगळ्यात मोठी गोष्ट ही की, ठरलेलं विद्यावेतन देणं मालकावर बंधनकारक झालं. कागदावर तरी बिनपगारी उमेदवारी संपली. सुरुवातीला तो आयटीआयसारख्या ट्रेडपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनिअरिंगचे पदवी-पदविकावाले आले. १९८६ च्या दुरुस्तीने बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रमवाले आले. आणि साधे बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए.? ते २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत बाहेरच होते. त्रेपन्न वर्षं!

२०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरलं ते असं: दहावी झालेल्याला ६ हजार, बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७ हजार, डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला ९ हजार. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. यात कारखाना आला तसं मोठं रुग्णालयही आलं. उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूदही कायद्यात आहे.

आता फट बघा. पहिली: २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची तुरुंगाची शिक्षा काढली, दंड ठेवला. उमेदवार कमी घेतले तर दर उमेदवारामागे पहिले तीन महिने ५०० रुपये महिना, नंतर १००० रुपये महिना. पदवीधराला विद्यावेतन देण्यापेक्षा हजाराचा दंड स्वस्त पडतो, हा हिशेब आपल्या आठवडी बाजारातली भाजीवाली मावशीसुद्धा मांडून दाखवील.

दुसरी फट: हा कायदा 'अ‍ॅप्रेंटिस'चा आहे, 'इंटर्न'चा नाही. कॉलेजात शिकत असताना जी इंटर्नशिप, ओजेटी, प्रोजेक्ट करायला लागतं त्याला हे किमान विद्यावेतन लागू होत नाही. कॉलेज आणि कंपनी यांच्यात जे ठरेल ते. काहीच ठरलं नाही तर शून्य. माझ्या भाचीचे दोन्ही मेल कायद्याला धरूनच होते. एकाने १२ हजार दिले ती त्याची मर्जी, दुसऱ्याने शून्य दिले तीही मर्जीच.

डी.फार्मसीवाल्यांना तर हे जुनंच आहे. ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण कित्येक वर्षांपासून सक्तीचं आहे. किती पोरं ते खरंच मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून करतात आणि किती जण नुसता शिक्का आणतात, ते मी लिहायची गरज नाही. फुकट काम म्हटलं की शिकवणाराही मनावर घेत नाही आणि शिकणाराही. मधल्या मधे शिक्षण मरतं.

*डॉक्टरांच्या पोरांनी काय केलं?*

एमबीबीएसच्या शेवटी एक वर्ष फिरती इंटर्नशिप असते. ते वर्ष म्हणजे सरकारी दवाखान्याचा कणा. रात्री दोन वाजता तुमच्या आईचा बीपी कोण बघतं? इंटर्न. सलाईन कोण लावतं? इंटर्न. महाराष्ट्रात या इंटर्नला २०१८ पर्यंत महिन्याला ६ हजार मिळायचे. म्हणजे दिवसाला २०० रुपये. त्या काळातली रोजगार हमीची मजुरीही याच घरातली. जून २०१८ मध्ये राज्यभर इंटर्न संपावर गेले, मग ते ११ हजार झाले. २०२४ मध्ये १८ हजार करायचा निर्णय झाला.

खासगी आणि इतर संस्थांची गोष्ट वेगळी. आर्मी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसच्या इंटर्नचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये न्यायालयाने महिन्याला २५ हजार देण्याचे आदेश दिले. न्यायालयाचा सूर साधा होता: पोरांकडून काम करून घेता, तर विद्यावेतन द्या.

कलकत्त्याला ७ रुपये मिळाले कारण पोरं मिळत नव्हती. आता पोरांची रांग आहे, त्यामुळे संप आणि कोर्ट हे दोनच रस्ते उरले. डॉक्टरांकडे संघटना आहे, दवाखाना बंद पडला तर बातमी होते. मायक्रोबायोलॉजीची, फार्मसीची, डीएमएलटीची पोरं एका गावात दोन, दुसऱ्या गावात तीन अशी विखुरलेली. त्यांचा संप कोण करणार आणि बातमी कोण छापणार?

*आणि आता सरकारी योजना*

२०२४ मध्ये दोन योजना आल्या. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, आधी सहा महिने, नंतर मुदत अकरा महिन्यांची झाली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणायला लागले. दुसरी केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना: देशातल्या मोठ्या ५०० कंपन्यांत बारा महिने, महिन्याला ५ हजार, सुरुवातीला एकरकमी ६ हजार.

वाईट काहीच नाही यात. ज्या घरात महिन्याला पाच हजार रोख येत नाहीत त्या घराला ते मोठे आहेत. पण ते देतं कोण ते बघा. राज्याच्या योजनेत सगळी रक्कम सरकारची. केंद्राच्या योजनेत सुरुवातीला ठरलं ते असं: ५ हजारांतले ४५०० सरकारचे, ५०० कंपनीचे, तेही सीएसआरच्या निधीतून. म्हणजे काम मोठ्या कंपनीचं आणि मानधन तुमच्या-माझ्या करातून. आणि दोन्ही योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाहीत. माझ्या भाचीला ओजेटी करताना यातला एक रुपया मिळू शकत नाही. राज्याच्या योजनेतली पोरं मुदत संपल्यावर आझाद मैदानावर जाऊन बसली, कायम करा म्हणून. उमेदवारच ते. आशेवर बसलेले.

जगात दुसरा रस्ता आहे का? आहे, आणि तोही जुना आहे. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक पद्धत सुरू केली. थोडे दिवस वर्गात, थोडे दिवस कारखान्यात, आळीपाळीने. कारखान्यातल्या दिवसांचा पगार कारखान्याने द्यायचा. त्या पगारावर गरीब पोरं इंजिनिअर झाली. ही पद्धत तिथे आजही चालू आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अ‍ॅप्रेंटिसशिपसह पदवी'ला २०२० मध्ये मार्ग मोकळा केला. त्यात पोरगं पदवी घेता घेता कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार होऊ शकतं, विद्यावेतनासकट. आपल्या जिल्ह्यातल्या किती कॉलेजांनी हे मनावर घेतलं, हा प्रश्न प्राचार्यांना विचारायचा आहे.

*थोडं माझं*

हे सगळं मला एवढं का लागतं ते सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा झाल्यावर मी एका दैनिकात लागलो. लागलो म्हणजे काय, उमेदवारीच. आठ महिने बिनपगारी. बातम्या लिहायच्या, जाहिराती आणायच्या, रात्री पानं लागेपर्यंत थांबायचं. पैशाचं विचारलं तर उत्तर यायचं, "शिकायला मिळतंय हे कमी आहे का?" मी टिकलो कारण वडील नोकरीत होते, दर महिन्याला एक हजार पाठवायचे.

माझ्यासोबत आणखी एक जण होता. भूमकडचा. माझ्यापेक्षा चांगला लिहायचा, हे मी आज कबूल करतो. पाझर तलावावर त्याने केलेली बातमी दुसऱ्या कुणाच्या नावाने छापून आली तरी तो हसला होता. तिसऱ्या महिन्यात खोलीचं भाडं थकलं. चौथ्या महिन्यात तो गावी गेला तो परत आलाच नाही. पुढे कळलं, पुण्याला एका गोडाऊनवर लागला.

लोक म्हणतात, आम्हीही फुकट उमेदवारी केली, म्हणून घडलो. खरंय, तुम्ही घडलात. मीही घडलो. पण जे भाड्यापायी चौथ्या महिन्यात परत गेले ते हे सांगायला इथे नाहीत. फुकटच्या उमेदवारीचा हिशेब त्यांना धरून मांडायला पाहिजे.

*मग करायचं काय?*

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून आहे. या जिल्ह्यातलं पोरगं पुण्याच्या मोठ्या कंपनीत शिकायला जातं तेव्हा त्याला पगारी जागा मिळणं ही चैन नाही, तो जाण्याचा एकमेव रस्ता आहे. म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत.

एक, कॉलेजांनी कंपन्यांशी, रुग्णालयांशी करार करताना विद्यावेतनाचा रकाना कोरा सोडू नये. देणार असाल तर किती, नसाल तर तसं लिहा. आणि ती यादी नोटीस बोर्डावर लावा. पालकांना आधी कळू द्या.

दोन, जे घटक पैसे देऊ शकत नाहीत त्यांनी निदान राहण्याची आणि जेवणाची सोय करावी. तेही जमत नसेल तर ओजेटी पोरांच्या गावाजवळ, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयाच्या लॅबमध्ये होऊ द्या.

तीन, शिक्षण संपलेल्या पोरांनी इंटर्नशिपच्या मागे लागण्याआधी सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद करावी. तिथे कायदा तुमच्या बाजूने आहे. इंटर्न म्हणून गेलात तर नाही.

चार, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाची २०२२ ची पहिली तुकडी आता इंटर्नशिपच्या उंबरठ्यावर आलीय. त्यांचं विद्यावेतन दर महिन्याला वेळेवर मिळेल याकडे लोकप्रतिनिधींनी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं. संप झाल्यावर भेटायला येऊ नये.

आणि पोरांनो, जाण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. पैसे किती? कोणत्या तारखेला, बँकेत की हातात? कामाचे तास किती? इजा झाली तर जबाबदारी कुणाची? विचारलं म्हणून कुणी जागा काढून घेत असेल तर तिथे न गेलेलंच बरं.

भाचीचं काय झालं ते विचाराल, म्हणून सांगतो. दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं. परवा तिने मला करार वाचायला पाठवला. विद्यावेतनाची रक्कम होती, तारीख नव्हती. मी म्हटलं, "राहू दे गं, जाऊन बघ, मिळतील." ती म्हणाली, "नाही मामा, विचारते." तिने मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दर महिन्याच्या ७ तारखेला, बँक खात्यात.

एवढा साधा प्रश्न आठ महिन्यांत मला एकदाही विचारता आला नव्हता.

सोमवारी सकाळच्या एसटीने ती पुण्याला निघाली. दाजी स्टँडवर आले होते. गाडी हलल्यावर मला म्हणाले, "शिकायला चाललीय आणि वरून पैसे मिळणार. असं पण असतंय का?"

असतंय दाजी. १८३५ पासून असतंय. फक्त आपल्यापर्यंत यायला वेळ लागला.

तुमच्या घरातल्या पोरांना इंटर्नशिपमध्ये काय अनुभव आला ते खाली लिहा. कंपनीचं, दवाखान्याचं नाव नको, फक्त पैसे मिळाले का, किती आणि शिकायला काय मिळालं एवढं सांगा. शंभर जणांनी लिहिलं तर ते घेऊन मी स्वतः प्राचार्यांकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे.